दुर्बिणीतला काळा ठिपका

त्या दिवशी कोपीम्होरं कोण कोण व्हतं ते आधी सांगते, म्हंजे कोणी म्हणायला नको की म्हातारीनं मनानंच रचलं. मी व्हते. माझी सून कांता व्हती, मांडीवर धाकटं लेकरू घेऊन. माझी जाऊ सखू व्हती. आमच्या टोळीच्या मुकादमाची बायको शेवंता व्हती, ती उभीच, बसली न्हाई. सोजराबाई व्हती, टोळीतली सगळ्यात म्हातारी. ती आता न्हाई. आन मास्तर व्हता. दुसरा गडीमाणूस कोणी नव्हता. कोपी म्हंजे ऊसतोडीला गेलं की आमी राहतो ती पाचटाची झोपडी. तिच्याम्होरं, उन्हात, आमी एवढे जण.

मला लिहिता येत न्हाई, सही येती तेवढीच. मी सांगायलेय, नात लिहायलीय.

मास्तरचं नाव सांगणार न्हाई. कुठंतरी त्याची माणसं आसतील, त्यांना कावून, कशाला तकलीफ द्यायची. लेकरं त्याला पेशीमास्तर म्हणायची. त्याला राग यायचा न्हाई. उलट हाक मारली की वळून बघायचा, जसं काय त्याच नावानं बारसं झालतं.

आमचं गाव उमापूरकडं. त्या साली आमच्याकडं हिरीचा तळ उघडा पडला, जनावरं छावणीला बांधली. माजलगावच्या धरणाखाली तेवढा ऊस उभा व्हता, म्हून आमी तिकडं एका सहकारी कारखान्यावर तोडीला गेलतो. धरण जवळ, पण आमच्या तळावर पाणी टँकरचंच. ते बी आलं तर. कारखान्यानं तोडवाल्यांच्या लेकरांसाठी पत्र्याची एक शाळा काढलीवती. तिथं ह्यो मास्तर. उंच, वाळका, गळ्याची घाटी वरखाली व्हायची. लेकराला बी 'आपण' म्हणायचा. 'आपण नाक पुसा.' 'आपण तो दगड खाली ठेवा.' शाळेच्या दारात शेळी आली तर तिला बी म्हणायचा, 'आपण बाहेर थांबा.' सखू हसून हसून लोळायची.

त्याची सगळ्यात मोठी खोड म्हंजे हात धुणं. आमी हंडाभर पाण्यासाठी टँकरमागं पळायचो, बायका एकमेकीच्या झिंज्या धरायच्या, आन ह्यानं शाळेच्या दाराला डबा टांगलावता. डब्याच्या बुडाला खिळ्यानं बारीक भोक. त्याच्यातून धार लागायची सुतासारखी, तिच्याखाली लेकरांनी हात धुवायचे, मंगच भाकरीला हात लावायचा. शेवंता एकदा तणतणत गेली. म्हणली, "आवं मास्तर, हितं लेकराच्या नरड्याला पाणी न्हाई आन तुमी हात कसले धुवायलात?"

त्यो म्हणला, "मी आंघोळ सोडली आहे, बाई. माझ्या आंघोळीचं पाणी त्या डब्यात आहे."

खरंच त्यानं आंघोळ सोडली व्हती. वास मारायचा. वाऱ्याच्या अंगाला बसला की कळायचं. "आंघोळ न करून कोणी मरत नाही," म्हणायचा, "न धुतलेल्या हातानं जेवून लेकरं मरतात." गडी त्याला तोंडावर घाणेरडा म्हणायचे. त्याचे हात मात्र बामणाच्या पोरीसारखे स्वच्छ, नखं कापलेली.

आन दुसरी खोड पेशी. कुठनं बी सुरू झाला तरी तिथंच यायचा. कांद्याचा पापुद्रा काढला की पेशी. उसाचं कांडं सोललं की पेशी. कुणाला कोयता लागून रक्त आलं, तरी आधी चिंधी बांधायचा आन मंग म्हणायचा, "आता तुमच्या पेशी कामाला लागल्या बघा, गवंड्यासारख्या." आमी संध्याकाळी शाळेम्होरं लेकरांना न्यायला जायचो तवा ऐकू यायचं. एकदा म्हणला, "पेशी म्हणजे आपला कारखानाच. गेट आहे, वॉचमन आहे, बॉयलर आहे. आत काय येणार, बाहेर काय जाणार, ते ठरलेलं आहे. आणि मधे केंद्रक आहे, त्याच्या हुकमावर सगळं चालतं."

सखू बाहेरनं म्हणली, "म्हंजे चेअरमन."

"बरोबर. चेअरमन म्हणा."

"मंग मास्तर, त्या पेशीत ऊस कोण तोडतं?"

लेकरं हसली. मास्तर हसला न्हाई. लई येळ इचार करत उभा राहिला. त्याचं हे आसं व्हतं, थट्टा केली तरी त्याला सवाल वाटायचा. मंग म्हणला, "आपलं बरोबर आहे. उदाहरण चुकलं." दुसऱ्या दिवशी परत तेच उदाहरण दिलं.

पर एक गोष्ट त्यानं सांगितलेली माझ्या ध्यानात राहिली. त्यो म्हणायचा, उसाच्या पेशीला बाहेरनं भिंत आसती, माणसाच्या पेशीला नसती. नुसता पातळ पडदा. म्हून ऊस उभा राहतो आन माणूस वाकतो. मी त्याला म्हणलं, मास्तर, माणूस ऊस तोडून वाकतो.

आमी त्याचं कावून ऐकायला लागलो ते बी सांगते. सोजराबाईची नात, अंगावर पिणारी पोर, तिला ढाळ लागली. दिवसभर जात व्हती. डोळे खोल गेले, रडताना टिपूस न्हाई. सोजरानं अंगारा लावला. मुकादम म्हणला, "गाडी भरू द्या, मंग बघू." मास्तर सायकल टाकून आला, पोरीचं पोट चिमटीत धरून सोडलं, चिमटी तशीच उभी राहिली. म्हणला, "हिच्या पेशी सुकायला लागल्या. साखर आणा, मीठ आणा."

साखर. समोर कारखान्याच्या गोदामात थप्पीवर थप्पी लागलेली, वास सगळ्या तळावर, आन आमच्या एका बी कोपीत चिमूटभर साखर निघाली न्हाई. चहा आमी गुळाचा करायचो, त्यो बी संपलावता. मास्तर गेटावर गेला. वॉचमन म्हणला, मूठभर साखर बी पास असल्याबिगर बाहेर जात न्हाई. मंग कुठनं तरी गुऱ्हाळावरनं गुळाचा खडा घेऊन आला, पळत, सायकल इसरून. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ-गूळ घालून चमच्या-चमच्यानं पोरीला पाजत बसला. दुसरा दिवस निम्मा व्हईपर्यंत बसला. शाळा बंद. पोर मुतली तवा हा बाबा उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. 'मुतली! मुतली!' म्हून सगळ्या तळाला सांगत हिंडला. सोजराबाईनं त्याचे पाय धरले, तर मागं सरकला. "आपण आधी हात धुवा."

पोर जगली. तवापास्नं मास्तर बोलला की ते बायकांना खरं वाटायला लागलं. हे ध्यानात ठेवा.

आता कांताचं सांगते.

कांता तवा पंचविशीच्या आत व्हती. दोन लेकरं झालती. तिचं ओटीपोट दुखायचं, अंगावरनं पांढरं जायचं. आमच्यात कोणाचं जात नव्हतं? पहाटं फडात उतरायचं, दिवसभर उसात. आडोसा न्हाई म्हून लघवी धरून ठेवायची. पाळीतली फडकी धुवायला पाणी न्हाई, वाळवायला जागा न्हाई, तीच वली फडकी परत घ्यायची. आन डोक्यावर मोळी घेऊन फळीवरनं ट्रॅक्टरवर चढायचं. त्याच्यात पाळीला आडवं पडलं की खाडा. एक दिस खाडा झाला की मुकादमाचं तोंड सुरू, आन माझा लेक बबन बायकोवर कावायचा.

तळाजवळच्या गावात एक खासगी दवाखाना व्हता. टोळीतली बाई दुखणं घेऊन गेली की डाक्टर पोटावर गार मलम लावून टीव्हीसारख्या काचेत दाखवायचा. कांताला बी दाखवलं. "हा काळा डाग दिसतो का? गर्भाची पिशवी खराब झालीय. काढून टाका. ठेवली तर कॅन्सर." बास, तेवढंच. आमच्या टोळीत ज्यांना ज्यांना दाखवलं, सगळ्यांना डाग निघाला.

माझी पिशवी कवाच काढलीवती, आसल्याच एका दवाखान्यात. तवापास्नं माझ्या कंबरेनं मला एक दिस सुखानं झोपू दिलं न्हाई. अंगातनं वाफा निघत्यात, हाडं करकर वाजत्यात. मी कांताला म्हणलं, "बाई, गावाकडं गेल्यावर बघू. हितं काढू नको." बबन म्हणला, "आई, डाक्टर शिकलेला हाय का तू?" मुकादम म्हणला, "काढून मोकळी हो. खाड्याची कटकट खलास." कांता दोन्हीकडं बघायची. तिला भ्याव वाटायचं. पिशवीला खरंच कीड लागली आसंल तर लेकरं उघडी पडतील, आन लागली नसंल तर फुकट अंग कापून घ्यायचं. तिला नुसतं खरं काय ते कळायला पायजे व्हतं.

म्हून ती मास्तरकडं गेली. मी संग व्हते. पदर तोंडावर घेऊन तिनं सांगितलं. मास्तर लाजला न्हाई. म्हणला, "ताई, मी डॉक्टर नाही. आपल्या पोटात काय आहे ते मी सांगू शकत नाही. पण ज्याची भीती वाटते ते आधी ओळखीचं करून घ्यावं. पेशी काय असते ते आपण डोळ्यानं बघा. सगळ्यांना बोलवा."

कारखान्याचं कायतरी मोडलं, तोड थांबली, तवा मास्तर आला. सायकलच्या मागं, लुंगीत गुंडाळून, दोरीनं बांधून शाळेची दुर्बीण, बारीक गोष्ट मोठी दाखवणारी, मास्तर तिला सूक्ष्मदर्शक म्हणायचा. लेकराला उतरवावं तशी उतरवली. पाटावर ठेवली, खालच्या आरशात ऊन धरलं. तिथं आमी जमलो व्हतो, ते मी वर सांगितलं.

आधी कांद्याचा पापुद्रा दाखवला. आमी एकेकीनं डोळा लावला. इटांच्या भिंतीसारखं दिसलं. सोजराबाईला कायबी दिसलं न्हाई, तरी म्हणली, "लई चांगलं हाय." मंग मास्तर म्हणला, आता माणसाच्या पेशी. कडुलिंबाची काडी उकळून आणलीवती. कांताला म्हणला, "आ करा." तिच्या गालाच्या आतनं काडी अलगद फिरवली, काचेवर पुसली, वर पेनातल्या शाईचा एक थेंब सोडला.

शेवंता म्हणली, "हे बघा बाई, परक्या बायकांच्या तोंडात काड्या घालायलाय. मालकाला सांगू का?"

"जरूर सांगा," मास्तर म्हणला. "त्यांनाही आणा. त्यांच्या तोंडाला काडीची जास्त गरज आहे, तंबाखू खातात."

आमी हसलो. त्या सालातलं तेवढंच हसू मला आठवतंय.

कांतानं डोळा लावला. लई येळ लावला. मी बी बघितलं. फिकट निळे, वाकडेतिकडे थेंब, पोळी फाटावी तसे. आन दर थेंबात मधोमध एक गडद ठिपका. काळा.

मास्तर भराभरा बोलायला लागला. त्याची पुस्तकातली भाषा. केंद्रक, पटल, विभाजन. आनंदानं त्याच्या तोंडाला फेस आलता. मधीमधी इचारायचा, "समजलं का?" आमी म्हणायचो, "समजलं." दुसरं काय म्हणणार? एवढ्या मायेनं दाखवायलाय. कांता आपल्या गालाला हात लावून बसली. मास्तर म्हणला, "ताई, दिसलं ना?" ती म्हणली, "दिसलं."

तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला. चालू झाला म्हून मुकादम आरडत आला, ट्रॅक्टर लागलाय, उठा. आमी कोयते घेऊन पळालो. मास्तर मागनं म्हणत व्हता, "अजून मुख्य सांगायचं राहिलंय! मी बीडला जातो, सरकारी लेडी डॉक्टर घेऊन येतो, त्या तपासतील. तोवर कोणी काही करू नका!" ट्रॅक्टरच्या आवाजात त्यातलं निम्मंच ऐकू आलं.

त्यो सायकल घेऊन गेला त्यो गेलाच. तिकडं सायबांच्या दारात बसून राहिला, आज या, उद्या या. हिकडं कांता बबनला म्हणली, "मला दवाखान्यात न्या." मी आडवी आले, हात धरला. तिनं माझा हात सोडवला. जोर नव्हता तिच्यात, पर सोडवला. सखू बी तिच्यासंग गेली, तिला बी डाग सांगितलावता. दोघींची पिशवी काढली. मी बाहेर बाकड्यावर व्हते.

मास्तर आला तवा त्याच्यासंग खरंच एक डाक्टरीणबाई व्हती, सरकारी जीपमधी. तोंड भरून हसत उतरला. कांता कोपीत गोधडीवर पडलेली, पोटाला टाके. त्याचं हसू तसंच राहिलं, काढायचं इसरल्यासारखं.

"ताई, मी थांबा म्हटलं होतं."

कांता म्हणली, "मास्तर, दवाखान्यातला डाक्टर खोटं बोलतो आसं मला वाटत व्हतं. त्याला आमची पोटं कापायचीच हायती, हे मला बी कळतं. पर तुमी खोटं बोलत न्हाईत. तुमी दाखवला की डाग. माझ्या गालापर्यंत आलता. एकेक थेंबात व्हता. मंग मी कशाची वाट बघू?"

मास्तर खाली बसला. मंग उठला, जीपमधली दुर्बीण उतरवली, दोरीची गाठ सुटंना तर दातानं सोडली. सोजराच्या चुलीतली काटकी उचलली, न धुताच, आन स्वतःच्या गालात खुपसली. रक्त आलं. काचेवर पुसलं, शाई टाकली. "बघा. माझ्यात बघा. माझ्यातही आहे. तो डाग नाही हो ताई, तो सगळ्यांत असतो. तो नसला तर पेशी जगत नाही. तेच तर मुख्य सांगायचं होतं."

कांताला उठता येत नव्हतं. मी डोळा लावला. तसलेच थेंब, तसलाच ठिपका. मी म्हणलं, "मास्तर, हे तवाच दाखवायचं व्हतं. आधी तुमचा गाल, मंग तिचा."

त्यानं मान हलवली.

डाक्टरीणबाईनं कागद बघितले. म्हणली, पांढरं जाणं गोळ्यांनी थांबलं आसतं. पिशवीसंग दोन्ही बाजूची अंडाशयं बी काढलीत. तिथल्या पेशी रस तयार करतात, त्यो हाडांना बळ देतो, ह्या वयात त्यो पायजेच. तिनं लिहून घेतलं, कुठंतरी कळवते म्हणली, जीपमधी बसून गेली. तिचं परत काय आलं न्हाई.

त्याच्यानंतर मास्तर कोपीकोपीला हिंडायला लागला. शिकवायचा न्हाई, नुसतं इचारायचा, "त्या दिवशी आपल्याला काय दिसलं?" बायका दिसलं ते सांगायच्या. एकजण म्हणली, अळ्या. शेवंता म्हणली, "मला तुमचं येड दिसलं." त्यो ऐकून घ्यायचा आन पुढल्या कोपीला जायचा. गडी त्याच्या मागं बोटं दाखवायचे. पाण्याअभावी ऊस वाळला, हंगाम लवकर आटपला, शाळेचे पत्रे उतरवले. मास्तर कुठं गेला मला मालूम न्हाई. जाताना माझ्याम्होरं येऊन उभा राहिला व्हता. मी भांडी बांधत व्हते. मी वर बघितलं न्हाई.

लोकं म्हणत्यात, बिचारा चांगल्या मनाचा व्हता. व्हताच की. डाक्टर वाईट व्हता, ते आमाला आधीच माहीत व्हतं, म्हून कांता त्याच्याकडं कापून घ्यायला जात नव्हती. चांगल्या माणसानं तिला तिथं धाडलं. सोजराची नात वाचवली म्हून मी त्याला हात जोडते, आन कांतासाठी त्याचं नाव घेत न्हाई. दोन्ही खरं हाय, मी त्यातलं एक कशाला सोडू?

पुढल्या सालाला मुकादमानं कांताला टोळीत घेतलं न्हाई. मोळी उचलत न्हाई म्हणला. ज्या खाड्यासाठी पोट कापलं, त्याच्यानंतर तिच्यानं एक दिस काम झालं न्हाई. तोड जोडीनंच करायची आसती, म्हून बबन दुसरी जोडीदारीण घेऊन तोडीला जायला लागला. कांता माझ्याआधी म्हातारी झाली. भर थंडीत उठून पदरानं वारा घेती. मागं पायरीवरनं पाय घसरला तर मांडीचं हाड मोडलं. मीच तिला उठवते, बसवते, केस इंचरते. सासूची सेवा सुनेनं करायची, आमच्या घरी उलटं हाय. सखू आता थट्टा करत न्हाई.

ही लिहिणारी नात कांताचीच. तिच्या पुस्तकात तसलंच चित्र हाय, मधी ठिपका काढलेला. ती बाराखडीसारखं घडाघडा म्हणून दाखवती. तिच्या आईनं एकदाच त्या पानावर हात ठेवला आन पुस्तक मिटलं.

जो कोणी हे वाचंल त्याला एवढंच मागणं हाय. तुमच्या घरातल्या, नाहीतर वळखीतल्या बाईला डाक्टरनं पिशवी काढ म्हणलं, तर त्या दिवशी तिला टेबलावर जाऊ देऊ नका. सगळे कागद घेऊन सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डाक्टरला दाखवा. तिच्यासंग जा, आन तिला कळंस्तवर डाक्टरला इचारा, पिशवी कावून काढायची.